श्वानपालकाचा ताबा आणि कायदा

कुत्रा विकत घेताना, किंवा एखाद्या स्नेह्याकडून पिल्लू घरी आणताना, त्याच्या आहाराविषयी, लसींविषयी, केसांच्या निगेविषयी दहा जण दहा सल्ले आपण होऊन देतात. परंतु त्या प्राण्याला घेऊन उंबरठ्याबाहेर पाऊल टाकताच आपल्या शिरावर कोणते कायदेशीर उत्तरदायित्व येऊन पडते, हे सांगणारा इसम सहसा भेटत नाही. परिणामी, गळ्यातला पट्टा आणि हातातली दोरी ही बाब शिष्टाचाराची, फार तर शेजारधर्माची आहे, असा समज आपल्या शहरांतून रूढ झाला असून, ‘आमचा कुणाला काही करत नाही हो’ हे वाक्य एकदा उच्चारले की सर्व आक्षेपांचे निरसन झाले, असे मानणारे सुशिक्षित गृहस्थ प्रत्येक बागेत आणि प्रत्येक मैदानावर आढळतात. या समजाला कायद्यात तिळमात्र आधार नाही. अडचण एवढीच की या विषयाचा असा एखादा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. एक कलम पोलीस कायद्यात, दुसरे दंडसंहितेत, तिसरे महानगरपालिकेच्या दप्तरात आणि चौथे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात, अशी ही तरतूद विखुरलेली असल्यामुळे सामान्य नागरिकाच्या दृष्टीस ती एकत्रितपणे कधी पडतच नाही.

ती एकत्र मांडून वाचली म्हणजे तिच्या मुळाशी असलेली कल्पना स्पष्ट होते, आणि ती म्हणजे ताबा. कुत्रा कुणाच्या ताब्यात आहे, तो ताबा खरोखर चालतो की केवळ नावापुरता आहे, आणि तो न चालल्यामुळे अनर्थ ओढवला तर त्याचा जाब कुणी द्यावा, हे प्रश्न सर्व कलमांना समान आहेत. मालकाची माया, कुत्र्याचे घरातील गोड वर्तन किंवा आजवर त्याने कुणाला चावा घेतलेला नाही हा इतिहास, यांपैकी एकही गोष्ट त्या प्रश्नांचे पुरेसे उत्तर ठरत नाही.

मुंबई शहरात तर कुत्र्याचा आणि सरकारी हुकुमाचा संबंध फार जुना आहे. कंपनी सरकारच्या अमदानीत मोकाट कुत्री मारणाऱ्यास दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस देण्याची पद्धत होती. त्या आठ आण्यांच्या लोभाने शिपाई घरंदाजांच्या पाळीव कुत्र्यांवरही काठ्या उगारू लागल्याचा बोभाटा झाला, आणि १८३२ सालच्या जून महिन्यात, ज्यांच्या धर्मात कुत्र्याला अंत्यविधीतही मानाचे स्थान आहे अशा पारशी समाजाने दुकाने बंद ठेवून कोटाच्या परिसरात असा दंगा मांडला की अखेर सैन्याला पाचारण करावे लागले. त्या दंग्याच्या धार्मिक बाजूचा विचार येथे प्रस्तुत नाही. प्रस्तुत आहे तो त्यामागचा व्यावहारिक पेच: रस्त्यात एकटा दिसणारा कुत्रा कुणाचा आहे आणि कुणाचाच नाही, हे काठी हातात घेतलेल्या शिपायाने ओळखावे कसे?

या पेचावर पुढच्या कायदेकर्त्यांनी काढलेला तोडगा १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात, म्हणजे ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात त्याच्या ४४ व्या कलमात, आजही वाचावयास मिळतो. रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी जो कुत्रा कुणा माणसाने धरून नेलेला नसेल, त्याच्या तोंडाला मुसके बांधलेले असलेच पाहिजे, असा जाहीरनामा काढण्याचा अधिकार या कलमाने सक्षम अधिकाऱ्याला दिला आहे; आणि असा जाहीरनामा अमलात असताना मुसक्यावाचून मोकळा सापडलेला कुत्रा पोलिसांनी ताब्यात घ्यावा, किंबहुना नष्टही करावा, अशी कठोर तजवीज त्यात आहे. परंतु ज्याच्या गळपट्ट्यावर मालकाचे वरकरणी खरे वाटणारे नाव आणि पत्ता कोरलेला असेल, तो कुत्रा पिसाळलेला नसल्यास तत्काळ नष्ट करू नये, मालकास टपालाने वा अन्य मार्गाने त्वरित खबर द्यावी, आणि पूर्ण तीन दिवसांच्या मुदतीत मालकाने मुसके आणून खर्च भरला नाही तरच पुढची कारवाई करावी, असा अपवादही त्याच कलमात जोडलेला आहे. गळपट्ट्यावर नाव-पत्ता कोरण्याचा जो खर्च आजकालचे श्वानपालक हौसेचा समजतात, त्याच्यावर कायद्याने त्या प्राण्याचा जीव टांगून ठेवलेला आहे. मोकाट कुत्र्यांविषयीचे धोरण केंद्र सरकारच्या २००१ च्या आणि त्यानंतर २०२३ च्या जन्मनियंत्रण-नियमांनी पुष्कळच पालटले असले, तरी पाळीव कुत्र्याच्या मालकाने ४४ व्या कलमातून घ्यावयाचा बोध पालटलेला नाही: पट्ट्यावर नाव, पत्ता आणि आता दूरध्वनी क्रमांकही, ठसठशीत अक्षरांत असावा.

याच कायद्यात अन्यत्र, रस्त्यावर हिंस्र कुत्रा मुसक्यावाचून मोकळा सोडणे आणि कुणाच्या अंगावर कुत्रा घालणे, ही दोन्ही कृत्ये गुन्हा ठरवलेली आहेत. दुसरे कृत्य करणारा मनुष्य विरळा. पण सायंकाळी निर्जन मैदान पाहून दोरी सोडणारा, आणि समोरून अकस्मात एखादा धावपटू आला असता ‘थांब, थांब’ अशा हाका मारीत मागे धावणारा मालक मात्र पहिल्याच्या फारच जवळ उभा असतो.

आता ज्या कलमाखाली प्रत्यक्षात फिर्यादी दाखल होतात, त्याकडे वळू. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत २८९ या क्रमांकाने असलेले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २९१ या क्रमांकाने आलेले हे कलम असे सांगते की, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीविताला संभाव्य धोका किंवा गंभीर दुखापतीचा संभव असताना, त्याच्या निवारणास पुरेशी होईल अशी दक्षता घेण्यात जो कोणी जाणूनबुजून वा निष्काळजीपणाने कसूर करील, तो सहा महिन्यांपर्यंत कैदेस, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंडास, किंवा दोहोंस पात्र होईल. जुन्या संहितेत दंडाची मर्यादा एक हजार होती; बाकी आशय तोच. या कलमात ‘मालक’ हा शब्द नाही, ‘ताबा’ आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. घरच्या गड्याच्या, शेजारच्या मुलाच्या किंवा पगारी फिरवणाऱ्याच्या हाती दोरी दिली असेल, तर जाब त्यालाही द्यावा लागतो. आणि ज्याच्याने तो प्राणी आवरणार नाही अशाच्या हाती त्याला सोपवणाऱ्या मालकाची कसूर त्यामुळे पुसली जात नाही. शिवाय कलमाला प्रत्यक्ष चाव्याची अपेक्षा नाही, धोक्याचा संभव पुरेसा आहे. चावा घडलाच, तर निष्काळजी कृतीने दुखापत केल्याबद्दलचे १२५ वे कलम सोबतीला येते आणि दुखापत गंभीर असेल तर त्याखाली कैदेची मर्यादा तीन वर्षांपर्यंत जाते.

ही शिक्षा केवळ कागदावरची आहे, असे कुणास वाटत असेल तर मुंबईतील दोन निकाल त्याने डोळ्यांसमोर ठेवावेत. २०१० च्या मे महिन्यात नेपियन सी रोडवर दोन परिचितांचा वाद चालू असता, मोटारीत बसवलेला रॉटवायलर जातीचा कुत्रा आतून भुंकत होता. दार उघडू नये असे सांगितले जात असताही ते उघडले गेले, आणि बाहेर पडलेल्या कुत्र्याने सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाला चावे घेतले. खटला रेंगाळला, पण विरला नाही. २०२३ साली गिरगावच्या दंडाधिकाऱ्यांनी कुत्र्याच्या मालकास तीन महिन्यांची कैद सुनावली. दुसरी घटना वरळीच्या एका इमारतीतील लिफ्टमध्ये २०१८ साली घडली. लहान मुलाला कुत्र्याचे भय वाटते, जरा थांबा, अशी विनंती आत उभ्या असलेल्या शेजाऱ्याने केली असता ती न जुमानता हस्की जातीचा कुत्रा आत घेण्यात आला आणि तो त्या शेजाऱ्याच्या हाताला चावला. कॅमेऱ्याने टिपलेले चित्र पुराव्यात आले, आणि २०२५ च्या मे महिन्यात मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली. दोन्ही प्रसंगी मालक कुत्र्यासोबत हजर होता, आणि दोन्ही प्रसंगी समोरच्या मनुष्याने धोक्याची जाणीव आधी करून दिली होती, हे या निकालांत मला सर्वाधिक उद्बोधक वाटते. कुणी भीती बोलून दाखवली की त्या क्षणापासून ‘मला कल्पना नव्हती’ हा बचाव मालकाच्या हातून निसटतो.

या दोन निकालांतून दोन व्यावहारिक नियम आपोआप निघतात. मोटारीचे दार उघडण्यापूर्वी, आतच, दोरी पट्ट्याला अडकवावी आणि तिचा फास हातात घ्यावा. कुत्र्याने आधी उडी मारावी आणि मग आपण दोरी शोधावी, हा क्रम सर्वस्वी त्याज्य होय. आणि लिफ्टमध्ये कुणी असेल तर पुढल्या फेरीची वाट पाहावी, किंवा विचारून, होकार मिळाल्यावरच आत जावे. आत गेल्यावर कुत्रा कोपऱ्यात, आपण मध्ये आणि दोरी आखूड, अशी रचना ठेवावी. लिफ्टचा हक्क कुत्र्यालाही आहे, असे हल्ली पुष्कळदा सांगितले जाते. ते खरेही आहे, आणि त्याविषयी पुढे लिहितोच. परंतु हक्क असणे आणि तो भेदरलेल्या पाच वर्षांच्या मुलासमोर तत्क्षणी बजावणे, यांत सुज्ञाने अंतर ठेवावे.

जातीविषयीही थोडे सांगणे अगत्याचे आहे. २०२४ च्या मार्च महिन्यात केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर आदी २३ जातींवर निर्बंध घालण्याविषयी राज्यांना परिपत्रक धाडले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्दबातल ठरवले. या घडामोडींवरून काही मालकांनी आपला कुत्रा ‘यादीत नाही’ किंवा ‘यादीच उरली नाही’ असा दिलासा करून घेतला. हा दिलासा फोल आहे, कारण २९१ वे कलम जात विचारत नाही. गावठी कुत्र्यालाही ते लागू आहे, आणि ज्याला पाहून कुणी बिचकणार नाही अशा चिमुकल्या पोमेरेनियनलाही.

महानगरपालिकेच्या परवान्याकडे लोक सर्वांत अधिक दुर्लक्ष करतात. मुंबईत १८८८ च्या महानगरपालिका कायद्याखाली पाळीव कुत्र्यासाठी परवाना घ्यावा लागतो. अन्य महानगरांना लागू असलेल्या १९४९ च्या कायद्याच्या १२७ व्या कलमात महापालिकेने बसवावयाच्या ऐच्छिक करांच्या यादीत कुत्र्यांवरील कराचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि पुण्यासारख्या शहरांतूनही कुत्र्याची रीतसर नोंद करून घेण्याचा दंडक आहे. रक्कम शहरागणिक निराळी, पण एकंदरीत किरकोळच असते. अर्जासोबत रेबीज प्रतिबंधक लसीचा दाखला आणि मालकाच्या पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो, आणि मुदत सरताच नूतनीकरण करावे लागते. जन्मनियंत्रण-नियमांनीही पाळीव कुत्र्याचे लसीकरण, नियंत्रित प्रजनन आणि परवाना यांची जबाबदारी स्पष्ट शब्दांत मालकावर टाकलेली आहे. परवाना नसल्याने कुणी दारात येऊन कुत्रा नेत नाही, हे मान्य. परंतु काही आगळीक घडून प्रकरण पोलीस ठाण्यात गेले म्हणजे ठाणे अंमलदार प्रथम जे कागद मागतो त्यांत हा कागद असतो, आणि तो नसला की निष्काळजीपणाचा पहिला पुरावा फिर्यादीच्या हाती आपणच ठेवल्यासारखे होते.

दोरी कशी असावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो; परंतु ताबा चालतो की नाही याचा निर्णय बहुधा तिथेच लागतो. भर वस्तीतल्या रस्त्यासाठी चार ते सहा फूट लांबीची, हाताला कापणार नाही इतकी रुंद, विणलेली दोरी उत्तम. मुठीतल्या डबीतून सुटत जाणाऱ्या आणि कळ दाबताच थांबणाऱ्या ज्या लांबलचक दोऱ्या हल्ली दुकानांतून मिळतात, त्या मोकळ्या माळावर ठीक. पण रिक्षा, सायकली आणि फेरीवाले यांनी गजबजलेल्या रस्त्यात पंधरा फुटांवर गेलेला कुत्रा हा दोरीला बांधलेला मोकाट कुत्राच असतो, आणि ती बारीक दोरी कुणा पादचाऱ्याच्या पायात अडकून होणारा अपघात वेगळाच. जड लोखंडी साखळीने रुबाब दिसतो, ताबा वाढत नाही; उलट मानेवर ओझे पडते आणि हिसका बसला की माणसाची बोटे सोलवटतात. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे सहज जातील इतपत सैल, पण मान मागे घेताच डोके सुटणार नाही इतपत घट्ट, असा गळपट्टा बसवावा. ज्याला ओढण्याची खोड आहे त्याला छातीवरून बसणारा हार्नेस घालून, दोरी पुढल्या बाजूच्या कडीला अडकवावी. दिवाळीत, किंवा वरातीचे बाजे वाजत असताना, फटाक्याच्या एका आवाजासरशी वर्षानुवर्षे शहाण्यासारखे चालणारे कुत्रेही पट्टा झुगारून पळ काढतात. त्या दिवसांत गळपट्टा आणि हार्नेस या दोहोंना दोरी जोडावी, आणि शक्य तर फिरणे पहाटेवर ढकलावे.

दोरी धरणारा मनुष्य कुत्र्याच्या वजनाला पुरून उरेल असा असावा, हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये. तरीही तीस-पस्तीस किलोच्या कुत्र्यामागे फरपटत जाणारे नऊ-दहा वर्षांचे मूल हे दृश्य सकाळच्या वेळी कोणत्याही उपनगरात पाहावयास मिळते, आणि एका हाताने स्कूटर चालवीत दुसऱ्या हातात दोरी धरून कुत्र्याला शेजारून पळवणारे महाभागही दिसतात. या दुसऱ्या प्रकारात स्कूटर आणि कुत्रा या दोहोंवरही त्या गृहस्थाचा ताबा नसतो. वाटेत भटक्या कुत्र्यांनी घेरले तर आपल्या कुत्र्याला मोकळे सोडून ‘त्यांचे ते पाहून घेतील’ असे म्हणू नये. दोरी आखूड करून, न धावता, रस्ता ओलांडावा किंवा आल्या वाटेने परतावे.

मुसक्याविषयी आपल्याकडे विनाकारण लाज आहे. ज्या कुत्र्याने एकदा दात दाखवले आहेत, किंवा जो पशुवैद्याच्या टेबलावर बिथरतो, त्याला मुसके घालण्यात कमीपणा नाही. मात्र कापडी पट्टीने जबडा आवळून टाकणारे मुसके दहा-पंधरा मिनिटांच्या तपासणीपुरतेच वापरावे, कारण कुत्रा आपल्या अंगातली उष्णता मुख्यतः तोंडाने धापा टाकून बाहेर घालवतो आणि तोंड मिटलेले राहिले तर वैशाखाच्या उन्हात त्याच्या जिवावर बेतू शकते. फिरताना जाळीचे, टोपलीसारखे मुसके घालावे. १९५१ च्या कायद्याने मुसक्याचे वर्णन करतानाच, ते चावा रोखणारे पण श्वासाला आणि पाणी पिण्याला अडथळा न करणारे असावे, असे लिहून ठेवले आहे. त्या मसुदाकारांना कुत्र्यांची चांगली जाण असावी.

येथवर रस्त्याविषयी झाले. उंबरठ्याच्या आत मात्र कायद्याचे म्हणणे नेमके उलट आहे, आणि बाहेर दोरीबाबत बेफिकीर असलेले पुष्कळ लोक घरी मात्र कुत्र्याला अष्टौप्रहर साखळीत ठेवतात, ही आपल्या श्वानपालनातील विलक्षण विसंगती होय. बंगल्याच्या फाटकाशी, गोदामाच्या दाराशी, शेतातल्या खोपटापाशी हातभर साखळीला जखडलेला आणि त्या हातभर वर्तुळात खाणे, झोपणे, घाण करणे सर्व काही उरकणारा ‘राखणीचा’ कुत्रा आपण सर्वांनी पाहिला आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमात, गैरवाजवी आखूड किंवा गैरवाजवी जड साखळीने वा दोराने एखाद्या प्राण्याला गैरवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा म्हटला आहे. आणि त्याच्या लगेच पुढच्या खंडात, नित्य बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे हाही मालकाचा गुन्हा गणला आहे. सर्व प्राण्यांविषयी बोलणाऱ्या त्या कलमात कुत्र्याचा असा नाव घेऊन उल्लेख केला आहे, यावरून साठ वर्षांपूर्वीही ही खोड किती सार्वत्रिक होती, याचा अंदाज बांधता येतो. शिक्षा मात्र पाहावी तर पहिल्या गुन्ह्यास दहा ते पन्नास रुपये दंड! तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा केल्यास पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० साली पन्नास रुपयांना काही वजन होते. आज तेवढ्यात कुत्र्याचा साधा गळपट्टाही येत नाही. दंडाची ही रक्कम वाढवण्याचे काम संसदेकडे तुंबलेले आहे आणि ते लवकर व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कलमातील ‘वाजवी’ या शब्दाला तासांचे माप नाही, म्हणून मालकाने ते स्वतःच घालून घ्यावे. घरी कुणी पाहुणा आला, दार उघडे ठेवून सामान आत घ्यावयाचे आहे, अशा प्रसंगी घटकाभर बांधणे वाजवी. दिवस-दिवस बांधणे नव्हे. शेतावर किंवा बंगल्यावर मोकळीक द्यावयाची तर साखळीऐवजी कुंपणावर खर्च करावा: कुत्र्याला उडी घेता येणार नाही इतके उंच, खालून उकरता येणार नाही असे पायात दगड घातलेले, आणि फाटकाच्या फटीतून तोंड बाहेर काढून जाणाऱ्या-येणाऱ्याचा हात धरता येणार नाही असे दाट. फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी जरूर लावावी, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. टपालवाला, वीज मोजणारा, गॅसचे सिलिंडर आणणारा ही माणसे आपल्याच कामासाठी आत येतात. त्यांच्यासाठी फाटकाबाहेर घंटा, आणि फाटक व दार यांच्यामध्ये कुत्र्याला वेगळे ठेवता येईल असा आडोसा, ही व्यवस्था पाटीपेक्षा कितीतरी कामाची आहे.

गृहनिर्माण संस्थांतील तंट्यांविषयी थोडक्यात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बहुमताचा ठराव करूनही संस्थेला सभासदाच्या घरात कुत्रा ठेवण्यास बंदी करता येत नाही, किंवा लिफ्ट नाकारता येत नाही. त्याच सूचनांत सार्वजनिक जागी कुत्रा दोरीला असावा आणि त्याची घाण मालकाने उचलावी, हेही सांगितले आहे. दोन्ही पक्ष या कागदाचा आपापल्या सोयीचा अर्धाच भाग सूचनाफलकावर डकवतात. तो पूर्ण डकवावा, आणि फिरवण्याच्या वेळा व मार्ग सामोपचाराने ठरवून कार्यवृत्तात नोंदवून ठेवावेत.

इतकी दक्षता घेऊनही चावा घडलाच, तर पहिली पंधरा मिनिटे निर्णायक असतात आणि ती वादात घालवू नयेत. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांतले काहीही तीत भरू नये. जखमी व्यक्तीला आपणच रुग्णालयात घेऊन जावे आणि कुत्र्याच्या लसीचा दाखला वैद्यांना दाखवावा. मात्र आपल्या कुत्र्याला लस दिलेली आहे एवढ्यावरून समोरच्याला लसीची गरज नाही असा निर्णय आपण देऊ नये, तो वैद्यांचा अधिकार आहे. चाव्याच्या दिवसापासून सुरू होणारी आणि तिसऱ्या, सातव्या व त्यापुढील ठरावीक दिवशी दिली जाणारी इंजेक्शने पुरी होतात की नाही, याची विचारपूस मात्र आपण करावी. कुत्र्याला दहा दिवस घरात, नजरेखाली ठेवावे. या दहा दिवसांत तो निरोगी राहिला तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू नव्हते असे मानले जाते, आणि त्या निरीक्षणावर जखमी माणसाच्या उपचाराची दिशा अवलंबून असते. घाबरून त्याला रातोरात गावी धाडणारे मालक त्या माणसाचाही घात करतात आणि न्यायालयासमोर स्वतःचाही.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतूनही आता कुत्री पाळली जातात. त्यांनी इकडची सैल सवय तिकडे नेऊ नये. अमेरिकेत दोरीचे नियम बहुतांशी शहर वा परगण्याचे असतात, म्हणून एका गावचा नियम पलीकडच्या गावी चालेलच असे नाही. न्यूयॉर्क शहरात सार्वजनिक जागी सहा फुटांहून लांब दोरी चालत नाही. तेथील कित्येक उद्यानांत रात्री नऊनंतर आणि सकाळी नऊपूर्वी, उद्यान उघडे असेल तोवर, नेमून दिलेल्या भागात कुत्रा मोकळा सोडता येतो. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया या दोन्ही राज्यांत, कुत्रा पूर्वी कधी चावलेला नसला तरी पहिल्याच चाव्याची भरपाई मालकावर बसते. आणि कॅलिफोर्नियात कुत्र्याला खांबाला किंवा झाडाला बांधून ठेवण्यास चोवीस तासांत तीन तासांची मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्याखाली कुत्रा ‘धोकादायकपणे अनावर’ होणे हा गुन्हा असून, २०१४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये तो स्वतःच्या घरात वा अंगणात घडला तरीही लागू होतो. तिकडे २०१६ पासून कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीची चिप बसवणे सक्तीचे आहे. परंतु ती बसवली म्हणून गळपट्ट्यावरच्या पट्टीतून सुटका होत नाही, कारण १९९२ च्या हुकुमानुसार सार्वजनिक जागी मालकाचे नाव आणि पत्ता पट्ट्यावर डोळ्यांनी वाचता आलाच पाहिजे, आणि घर बदलले की ती पट्टीही नवी करून घ्यावी लागते.